बाहुल्यांमागचं खोकं

एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या तोंडावर खेळण्यांची दोन दुकानं असावीत आणि दोन्हींचे मालक सख्खे भाऊ असावेत, हा काही योगायोग नव्हता. वडील गेल्यावर वाटणी झाली. जुनं दुकान थोरल्याकडे राहिलं आणि धाकट्याने आपल्या वाट्यातून बरोबर समोरचा गाळा घेतला. सगळ्या शहरात गाळे रिकामे होते, पण याला माझ्या नाकासमोरचाच सापडला, असं थोरला म्हणायचा. सगळ्या शहरात गिऱ्हाईक आहे, पण दादाला माझ्याच पायरीवरचं दिसतं, असं धाकटा म्हणायचा. अर्थात हे ते एकमेकांना म्हणत नसत, गिऱ्हाइकांना म्हणत. आपसांतलं बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

तोंडं बंद होती, पण काचेतून बोलणं जोरात चालू होतं. थोरल्याने आपल्या काचेत पाण्याचं पिस्तूल टांगलं, तर धाकट्याने दोन नळ्यांचं टांगलं. थोरल्याने दिवा लागणारी बंदूक आणली, धाकट्याने कडकड आवाज करणारी. मग थोरल्याने फुटपाथवर प्लास्टिकची तोफ उभी केली आणि तिचं तोंड, आपलं सहज म्हणून, समोर वळवलं. आठवडा उलटायच्या आत समोर रणगाडा आला, पोरगं आत बसून चालवू शकेल एवढा. दोन्हींच्या मधून जाणारी माणसं नकळत पावलं भरभर उचलायची. या सगळ्याची सुरुवात कोणी केली, हे दोघांनाही छातीठोकपणे माहीत होतं. उत्तरं तेवढी वेगळी होती.

थोरल्याला एकच मुलगी. बोलायला लागल्यापासून तिने घरातला एकही हुकूम उलटतपासणीशिवाय मान्य केला नव्हता, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. तिच्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी निःशस्त्रीकरण मंडळ काढलं होतं. पहिल्यांदा मुलं तिथे जमली ती त्या खोलीत पंखा चांगला होता म्हणून. पण हळूहळू गोडी लागली. मुलं जुने करार वाचायची, एकेका देशाच्या वतीने बसून भांडायची, ठराव लिहायची. एकदा वकीलबाईच्या वाट्याला कुठलंसं टीचभर बेट आलं होतं, तर त्या बेटाने मोठमोठ्या देशांना जेवायची सुट्टी होऊ दिली नव्हती.

याच मंडळातून तिची निवड झाली. परदेशात जिथे देशोदेशीचे राजदूत शस्त्रं कमी करण्याच्या वाटाघाटी करायला जमतात, त्याच इमारतीत जगभरातल्या तरुण मुलामुलींची परिषद भरणार होती. प्रत्येकाला राजदूतांसमोर तीन मिनिटं बोलायला मिळणार होतं. अट एकच, उपदेश करायचा नाही. आपल्या इथे तुम्ही स्वतः काय केलंत, ते सांगायचं. थोरल्याने ही बातमी रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगितली, फक्त एक दुकान सोडून. तिथे ती ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मात्र सांगितली.

आणि एका दुपारी, तो नव्या मशीनगनवर किमतीची चिठ्ठी चिकटवत असताना, वकीलबाई गल्ल्याशेजारच्या स्टुलावर येऊन बसली.

"बाबा, मी नाही म्हणून कळवतेय."

"कशाला नाही?"

"परिषदेला. मी जाणार नाही."

थोरल्याच्या अंगठ्यालाच चिठ्ठी चिकटली. "बरं वाटत नाही का तुला?"

"तिथे उभी राहून काय सांगू? आपापली शस्त्रं कमी करा म्हणून? आणि कोणी विचारलं, तुझ्या घरी काय करतात, तर?"

"खेळणी विकतात. पिस्तुलातून पाणी येतं."

"आणि यातून काय येतं?"

थोरल्याने हातातल्या वस्तूकडे पाहिलं. "यातून आवाज येतो," तो म्हणाला, आणि आपलं उत्तर लंगडं आहे हे त्यालाही कळलं.

"खेळण्यातल्या बंदुकीने युद्ध होत नाही, ते मलाही कळतं हो. पण तुम्हा दोघांना थांबता येत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. घरातली दोन माणसं मला थांबवता येत नाहीत आणि मी निघाले जगाला सांगायला."

"मी आज थांबतो. आधी त्याला थांबव."

वकीलबाईने कपाळाला हात लावला. "हे वाक्य मला पाठ आहे बाबा. जुन्या परिषदांच्या भाषणांत सगळ्या देशांच्या तोंडी हेच आहे. ते पुढे काय म्हणतात, तेही सांगू?"

"काय म्हणतात?"

"आमचं आपलं फक्त बचावापुरतं आहे."

थोरला नेमकं तेच म्हणणार होता. त्याने मशीनगन काउंटरखाली सरकवली.

खरं सांगायचं तर तिने जावं, याइतकं दुसरं काहीच त्याला हवं नव्हतं. तो स्वतः घाऊक बाजारापलीकडे कुठे गेला नव्हता. आपली पोरगी त्या गोल दालनात, कानाला भाषांतराचं यंत्र लावलेल्या बड्या माणसांसमोर बोलतेय, हे चित्र तो दिवसातून दहादा डोळ्यांपुढे आणत होता. ते चित्र आपल्याच तोफेने उडवलं, हे त्याला फार लागलं. संध्याकाळी तो नीट जेवला नाही. त्याची बायको म्हणाली, "अहो, पोरीचं एकदा ऐकून बघा. रोज मीच ऐकायचं असं कुठे आहे?" तेव्हा त्याने मान हलवली.

समोरच्या दुकानातही हाच खटला चालू होता. धाकट्याचा मुलगा, दरवाजातून वाकून ये-जा करणारा लंबू, त्याच मंडळात होता. वडील एकमेकांशी बोलत नसले तरी ही चुलत भावंडं कधीच अबोल्यात नव्हती. दोघांनी मिळून वाटाघाटींची जागा ठरवली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं दुकान. जागा तटस्थ होती, कारण दोघेही भाऊ दाढी तिथेच करत, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून न्हाव्याने त्यांचे वार वर्षानुवर्षं वेगळे ठेवले होते. आता त्याने दोघांना एकाच वेळी बोलावलं, शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसवलं आणि ते उठून जायच्या आत दोघांच्या तोंडाला साबण फासला.

दोघे समोरच्या आरशात बघत राहिले. एकमेकांकडे बघायचं नाही म्हटलं तरी आरशात दुसऱ्याचा फेस दिसतच होता.

थोरला न्हाव्याला म्हणाला, "विचारा याला, रणगाडा कधी हलवतोय."

"विचारतात की रणगाडा..." न्हाव्याने सुरुवात केली.

"मी काही बहिरा नाही," धाकटा आरशाला म्हणाला. "तोफ हलली की हलवतो."

"तोफ आधी हलणार नाही."

"मग रणगाडाही नाही."

"दोन्ही एकदम हलतील," मागून लंबू म्हणाला. "एकाच दिवशी, एकाच वेळी. तोफ, रणगाडा, बंदुका, पिस्तुलं, सगळं घाऊकवाल्याला परत. बदल्यात दुसरा माल घ्यायचा."

"आणि त्यानंतर तपासणी," वकीलबाई म्हणाली. "काका आमच्या दुकानात येऊन बघतील, बाबा त्यांच्या. फळ्या, कोठी, पोटमाळा, सगळं. आधी कळवायचं नाही."

थोरला खुर्चीतून अर्धा उठला. "हा माझ्या पोटमाळ्यावर चढणार? मी शब्द दिला की झालं. माझ्यावर विश्वास नाही?"

"नाहीच आहे," वकीलबाई शांतपणे म्हणाली. "असता तर करार कशाला लागला असता?"

"हलू नका," न्हावी म्हणाला. त्याचा वस्तरा थोरल्याच्या गळ्याशी होता. थोरला बसला. दोन्ही दाढ्या पूर्ण होईपर्यंत दोन्ही बाजूंनी सगळी कलमं मान्य केली होती आणि फेस पुसल्यावर कागदावर सह्याही झाल्या. शस्त्रकपातीचा करार वस्तऱ्याच्या धाकाने झाला, यावर न्हावी पुढे कितीतरी दिवस खूश होता.

ठरल्या दिवशी घाऊकवाल्याचा टेम्पो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एका बाजूने तोफ चढली, दुसऱ्या बाजूने रणगाडा. रस्त्यावरची पोरं ओळीने उभी राहून बघत होती आणि त्यांतल्या एकाने रणगाड्यासाठी चांगलाच गळा काढला. टेम्पोतून दुर्बिणी उतरल्या, कोडी उतरली, चेंडूंच्या जाळ्या उतरल्या. वकीलबाईने परिषदेला येत असल्याचं कळवून टाकलं. तिच्या आईने तिच्यासाठी गरम कोट आणला, तो अंगात घालून ती घरभर फिरली. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. थोरल्याचाही जीव भांड्यात पडला होता.

जवळजवळ. कारण टेम्पो यायच्या आदल्या दिवशी त्याने पिस्तुलांचं एक खोकं बाजूला काढून ठेवलं होतं.

मोठं नाही, एकच. शाळांना सुट्ट्या लागणार होत्या. आणि समोरच्याने दगा दिला तर आपण काय हात हलवत बसायचं? असं तो स्वतःला समजावत राहिला. खोकं त्याने पोटमाळ्यावर बाहुल्यांच्या मागे सारलं. या बाहुल्या वडिलांच्या काळातल्या होत्या. कारखान्यातच काहीतरी चुकलं होतं आणि सगळ्यांचे डोळे तिरळे झाले होते, त्यामुळे त्या आयुष्यात कोणी घेतल्या नव्हत्या. वडील नेहमी म्हणायचे, न खपलेल्या मालाच्या मागे कोणी बघत नाही. जे काही कोणाच्या नजरेला पडू नये, ते वडील तिथेच ठेवत. थोरला शिडीवरून उतरला तेव्हा त्याला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं. मुलगी कोट घालून समोर आली की तेवढं जरा टोचायचं.

तपासणी एका सकाळी, दुकानं उघडताना झाली. मुलांनी दोन्हीकडे एकदमच सांगितलं, म्हणजे सावरासावर करायला कोणाला वेळ नको. वकीलबाई काकाला घेऊन जुन्या दुकानात शिरली आणि लंबूने थोरल्याला समोर नेलं.

थोरल्याने त्या दुकानात आजवर पाऊल टाकलं नव्हतं. आत गेला आणि उंबऱ्यातच थबकला. चेंडूंची जाळी छताला डाव्या कोपऱ्यात. आगगाड्या सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणजे पोरांचा हात पोचू नये. खुळखुळे गल्ल्याच्या शेजारी, म्हणजे आयांचा हात पोचावा. ही सगळी वडिलांची मांडणी होती, त्याच्या स्वतःच्या दुकानातही हीच होती. डोळे बांधून सोडलं असतं तरी तो इथे माल विकू शकला असता. त्याला काहीतरी वाटलं आणि ते काय आहे हे न समजून त्याने उगीचच एक फळी ठोकून पाहिली.

फळ्या स्वच्छ होत्या. कोठी स्वच्छ होती. "काका, पोटमाळा," लंबूने शिडी धरली.

वर गेल्यावर थोरल्याला समोर ओळीने तिरळ्या बाहुल्या दिसल्या. वाटणीत कोणालाच नको होत्या म्हणून त्या अर्ध्या अर्ध्या झाल्या होत्या, हे तो विसरूनच गेला होता. त्या त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंकडे, टक लावून बघत होत्या. थोरल्याने विचार असा केलाच नाही. त्याचा हात आपोआप बाहुल्यांच्या मागे गेला आणि खोक्याला लागला.

सापडला चोर, असं मनात येऊन त्याला क्षणभर इतका आनंद झाला की त्याने डोकं छताला आपटून घेतलं. आणि दुसऱ्याच क्षणी डोकं चोळणारा त्याचा हात थांबला. कारण धाकटाही आत्ता एका पोटमाळ्यावर होता. त्याच्याही समोर ओळीने बाहुल्या होत्या. आणि त्याचाही हात आपोआप कुठे जाणार, हे जगात फक्त एकाच माणसाला माहीत होतं.

थोरला खोकं घेऊन बाहेर आला तेव्हा समोरून धाकटा खोकं घेऊन येत होता. दोघे रस्त्याच्या मधोमध थांबले. एकाच कंपनीच्या पिस्तुलांचं, एकाच रंगाचं खोकं दोघांच्या हातात होतं. मागे एका गाडीने भोंगा वाजवला, मग तीही बघत थांबली.

"दादा," धाकटा म्हणाला. इतक्या वर्षांनी आरसा मध्ये न धरता उच्चारलेला हा पहिला शब्द. "दादा, बाहुल्यांच्या मागे?"

"मग तू कुठे ठेवलं होतंस?"

"मला दुसरी जागा कुठे माहीत आहे?"

थोरल्याने चिडायचं ठरवलं होतं, पण धाकट्याच्या तोंडून हसू फुटलं आणि ते हुबेहूब वडिलांचं हसू होतं. मग थोरल्यालाही आवरेना. तो खोकं घेऊन फुटपाथच्या कडेला बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. धाकटा शेजारी बसला. न्हावी दारात येऊन बघत होता. दोन्ही वार आता एक करता येतील, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं.

वकीलबाई मात्र हसत नव्हती. ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने एका खोक्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता घरात निघून गेली. ती भांडली असती तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने त्याची बायको खाली आली. "कोट परत करायला सांगतेय," ती म्हणाली. "नीट घडी घालून ठेवलाय. काय केलंत तुम्ही दोघांनी?"

दोघांचं हसू कुठल्या कुठे गेलं. दुकानावरच्या मजल्यावर घर होतं. दोघे जिना चढले, थोरला पुढे, धाकटा मागे, लहानपणी काच फोडल्यावर चढायचे तसे. वकीलबाई खिडकीशी बसली होती.

"या," ती म्हणाली. "आता मी काय सांगायचं तिथे? करार केला, सह्या झाल्या, आणि दोन्ही पक्षांनी लबाडी केली?"

पुन्हा असं होणार नाही, हे शब्द थोरल्याच्या ओठांवर आले होते. पण तेही त्या जुन्या भाषणांत असणार, असं वाटून त्याने ते गिळले. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"हो," तो म्हणाला. "तेच सांग."

"काय?"

"माझ्या बाबांनी शब्द दिला आणि एक खोकं लपवलं. माझ्या काकांनीपण लपवलं. दोघं पकडले गेले."

"माझं कशाला मध्ये?" धाकटा म्हणाला. मग भावाचं तोंड बघून म्हणाला, "बरं, माझंही सांग."

"बाबा, तिथली भाषणं टीव्हीवर सगळीकडे दाखवतात. आपला अख्खा रस्ता बघणार. दुकानात आलेला प्रत्येक माणूस बघणार."

थोरल्याला ते ठाऊक होतं. याच रस्त्यावर तो शब्दाचा पक्का म्हणून मिरवत आला होता. त्याने सांगितलेली किंमत कोणी पुन्हा विचारत नसे. ते नाव आता आपल्या हाताने उतरवून पोरीच्या हातात द्यायचं, म्हणजे अंगावरचा सदरा काढून दिल्यासारखं होतं. त्याला लाज वाटत होती, भरपूर वाटत होती. पण ती घरी बसून राहिली तर याहून जास्त वाटणार होती.

"बघू देत," तो म्हणाला. "खोटं थोडंच आहे?"

वकीलबाईच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली आणि थोरल्याच्या जिवात जीव आला, कारण उलटतपासणी सुरू होणार होती.

"काका, तुम्ही पहिल्यांदा कुठे हात घातलात?"

"सरळ बाहुल्यांच्या मागे. आणखी कुठे घालणार?"

"मी तुमच्या आधी वर जाऊन आले होते. मला नव्हतं सापडलं." ती उठून खोलीत फेऱ्या मारायला लागली. "म्हणजे तिसऱ्या कोणी तपासलं असतं तर दोन्ही खोकी तशीच राहिली असती. ज्याच्याशी वैर आहे, त्यालाच आत घ्यावं लागतं. आणि तपासणी झाली म्हणून खोकी गेली, सह्या झाल्या म्हणून नाही. आणि खोकं सापडलं म्हणून करार मोडलाही नाही." ती थांबली. "मोडला का?"

"नाही," दोघे एकदम म्हणाले.

"पुढच्या महिन्यात परत तपासणी."

"करू की," धाकटा म्हणाला. "मी चहालाच येतो."

"मी अजून चिडलेली आहे," वकीलबाईने सांगितलं.

"चीड बाई," थोरला म्हणाला.

"पण जाईन."

भाषणाच्या दिवशी थोरल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही गल्ल्यामागे उंचावर ठेवला होता. धाकटा सहकुटुंब आला होता आणि आपलं दुकान उघडंच टाकून, इथूनच त्याच्यावर नजर ठेवून होता. लंबू सगळ्यांच्या मागे उभा होता आणि त्यालाच सगळ्यात चांगलं दिसत होतं. न्हावी आला तो अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बरोबर घेऊन. पडद्यावर ते गोल दालन दिसत होतं. देशांच्या नावांच्या पाट्या, त्यांच्यामागे कानाला यंत्रं लावलेली पोक्त माणसं, कोणी कागद चाळतंय, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजतंय. मग वकीलबाई माइकसमोर आली. कोट घातला होता. थोरल्याला ती फार लहान दिसली, पण तिने तोंड उघडल्यावर तसं वाटलं नाही.

"माझ्या बाबांचं खेळण्यांचं दुकान आहे," ती म्हणाली. "समोर काकांचं आहे." तिने तोफेचं सांगितलं, रणगाड्याचं सांगितलं. न्हाव्याच्या खुर्च्यांचं सांगितलं तेव्हा दालनात खसखस पिकली आणि इकडे न्हाव्याने कॉलर ताठ केली. मग ती खोक्यांवर आली.

"बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. आणि माल परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक खोकं लपवलं."

दुकानात सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. त्याचे कान तापले, पण त्याने नजर खाली घातली नाही. पडद्यावर कागद चाळणाऱ्या एका म्हाताऱ्या राजदूताने कागद बाजूला ठेवले होते. तो पाट्यांच्या पलीकडे, समोरच्या रांगेत बसलेल्या दुसऱ्या एकाकडे बघत होता, आणि तो दुसराही याच्याकडे बघत होता. इतका अभिमान थोरल्याला जन्मात कशाचा वाटला नव्हता. धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक अनोळखी बाई मुलाचा हात धरून काउंटरपाशी आली. "जरा तो लाल चेंडू दाखवता का?"

"एक मिनिट थांबा, ताई," पडद्यावरची नजर न हलवता थोरला म्हणाला. "माझी मुलगी माझी लबाडी सांगतेय."